नऊ इंचांचा सूड

२२ ऑक्टोबर १९७७, शनिवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. हेतू एकच. सूड.

काल दसरा होता. काय झाले ते एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

सीमोल्लंघनाला बाण मारायचा मान गल्लीत आमच्या घराचा, म्हणजे घराण्याच्या थोरल्या पातीचा. गल्लीच्या टोकाला शमीखाली केळीचा खांब रोवतात. पंधरा पावलांवरून बाण मारायचा. तो खांबात रुतला की मग सगळ्यांनी सोने लुटायचे. आजोबांनी मारला. वडिलांनी एकतीस वर्षे मारला. त्यांच्यामागे मी सहा वर्षे मारला. धनुष्य आजोबांचेच, पण बाण दरवर्षी नवा. मारणाऱ्याच्या छातीपासून बोटापर्यंत मापायचा आणि मारणाऱ्यानेच स्वतःच्या हाताने कापायचा. दुसऱ्याने कापलेला चालत नाही.

काल मी दोरी ओढली, सोडली आणि दांडी खाचेपासून उभी चिरली. एक तुकडा पायाशी पडला. दुसरा उडाला तो थेट हलगीवर. ढम्म. हलगीवाल्याला वाटले बाण लागला, त्याने जोरात वाजवायला सुरुवात केली.

मग बसलिंगप्पा हसला. हा माझा चुलतभाऊ, धाकट्या पातीचा, लाकडाच्या वखारीचा मालक. आधी तो हसला, मग गल्ली हसली. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर म्हणाला, "अण्णा, ह्यो बाण हाय का दातकोरणं?"

पंच शिवलिंगप्पा मास्तरांनी बाणाचे टोक हाताने खांबात खोचले आणि वेळ निभावून नेली. पण सगळ्यांसमोर बोलले, "येक वर्स चुकलं तर देवाची मर्जी. सलग दोन वर्सं चुकलं तर मान धाकट्या पातीला. रीतच हाय ती."

दांडी बसलिंगप्पाच्या वखारीतली होती. मुद्दाम चिरकी दिली, यात शंका नाही.

मोडक्या बाणाचा नऊ इंची तुकडा जपून ठेवला आहे. पुढच्या दसऱ्याला माझा बाण खांबात रुतला की हा तुकडा ताटलीत घालून सगळ्यांसमोर त्याच्यापुढे धरीन आणि म्हणेन, "घे, दातकोरणं." वाक्य पाठ करतो आहे.

२३ ऑक्टोबर, रविवार

हसणाऱ्यांची यादी. रोज वाचायची.
१. बसलिंगप्पा.
२. त्याची बायको अक्कम्मा.
३. हलगीवाला (उशिरा हसला, पण हसला).
४. आमची काशम्मा आत्या. पदराआड.
५. ही. ठसका लागला होता म्हणते. पुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवले आहे.

दुपारी हिने अडकित्त्याचा विषय काढला. त्या विषयावर मी बोलत नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

मिलमध्ये बातमी पोचली. कोणीतरी माझ्या टेबलावर काडेपेटीतली एक काडी, टोक तासून, रजिस्टरवर ठेवली होती. मी शांतपणे ती फेकून दिली. यादीत सहावे नाव टाकायचे आहे, पण कोणाचे ते कळलेले नाही. जागा सोडली आहे.

शांत डोक्याने विचार केला. दांडी चिरली ती का? कापलेले तोंड साफ नव्हते म्हणून. तोंडाशी केसाएवढी चीर राहिली तरी खाचेत दोरी बसली की लाकूड उकलते. म्हणजे प्रश्न हत्याराचा आहे. आणि हत्यारांची पारख माझ्याइतकी सोलापुरात कोणाला असेल? अठरा वर्षे मी मिलच्या स्टोअरमध्ये हत्यारे इश्यू करतो आहे. चिठ्ठी बघायची, हत्यार द्यायचे, सही घ्यायची. हाताखालून हजारो हत्यारे गेली. वापरायची वेळ कधी आली नाही, हा भाग वेगळा.

निश्चय: वर्षभरात सर्वोत्तम हत्यार निवडायचे. घाई नाही. ज्याला सूड घ्यायचा आहे त्याने घाई करू नये.

१३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

मंगळवार पेठेतून करवत आणली. नवी कोरी. दांडी अजून आणलेली नाही, म्हणून त्या नऊ इंची तुकड्यावरच टेस्ट घेतली. दात फार मोठे. तोंडाशी लाकडाचे धागे लोंबायला लागले, आत्याच्या जुन्या लुगड्यासारखे. हत्यार बाद. तुकडा साडेसात इंच.

बसलिंगप्पाकडून फराळ आला. शंकरपाळ्या. ही सरळ लाच आहे. परत पाठवणार होतो, पण आत्याने डबा उघडला होता. दोन वेळा खाल्ल्या. चव बरी होती, हे इथे लिहिले तरी बाहेर बोलणार नाही.

१६ जानेवारी १९७८, सोमवार

गड्ड्याच्या जत्रेत गेलो होतो. ही बांगड्यांच्या दुकानात, आत्या भाग्यनगरी चिवड्याजवळ, मी हत्यारांच्या दुकानात. अलिगढी चाकू घेतला, बटण दाबले की खटकन उघडणारा. दुकानदार म्हणाला, साब, रुमाल हवेत सोडा नि कापा. रुमाल नव्हता.

तिथेच बसलिंगप्पा भेटला, बायकोसकट. म्हणाला, "अण्णा, धनुष्याची दोरी बघून घ्या की औंदा, लई जुनी झालीय." बघा! हेर आहे. माझी तयारी कुठवर आली ते काढून घ्यायला बघत होता. मी म्हणालो, दोरी उत्तम आहे.

घरी येऊन दोरी बघितली. उंदराने कुरतडलेली होती. बदलली. त्याने सांगितले म्हणून नाही.

चाकूची टेस्ट: तुकड्याला टोक फार सुंदर आले, पण कापायचे ते तोंड तिरके झाले. तिरके सरळ करता करता सहा इंच.

५ मार्च, रविवार

आज एक क्रांतिकारक कल्पना सुचली. पाईप कटर! लोखंडी नळी गोल फिरवत कापतो, मग लाकडाची दांडी त्याच्यापुढे काय? मिलमधून एका रविवारसाठी आणला (रजिस्टरला माझीच सही). तुकडा त्यात अडकवला, आवळला, फिरवला. लाकूड कापले गेले नाही, चेपले. जिथे चाक फिरले तिथे ऊस चरकातून काढल्यासारखे झाले. तो भाग काढून टाकावा लागला. चार इंच.

ही म्हणाली, अवो, तुकडा संपला तर त्या भावोजींच्या हातात काय देणार? म्हणजे हिला प्लॅन माहीत आहे. मी झोपेत वाक्य म्हणतो म्हणे.

तुकडा लहान झाला म्हणून अपमान लहान होत नाही. नोंद करून ठेवतो.

१२ मार्च, रविवार

पटाशी, रंधा, आणि कानशी तीन (जाड, मध्यम, बारीक) एकदमच आणल्या. आत्या ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "विरुपाक्षा, सुतार हुतोस काय रे म्हातारपणी?" मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.

रंध्याने तुकडा फार पातळ झाला. पण गुळगुळीत इतका, की बोट फिरवावेसे वाटते.

११ जून, रविवार

बार्शीला गेलो. खास दांडीसाठी. बसलिंगप्पाच्या वखारीतले लाकूड पुन्हा हातात धरणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. तिथल्या एका वखारीत सरळ रेषांची सागवानी दांडी मिळाली, चार फुटी, बोटाएवढी जाड, एकही गाठ नाही. एकच घेतली. वाघाला एकच पिल्लू पुरते.

येताना एस.टी.त फार हाल झाले. दांडी आडवी धरली तर कंडक्टर ओरडतो, उभी धरली तर टपाला लागते. शेवटी खिडकीतून अर्धी बाहेर काढून तीन तास हातात धरून बसलो. वैरागला एका म्हातारीने विचारले, कसला झेंडा हाय बाबा? मी म्हणालो, सुडाचा. तिने पाया पडून घेतले.

१२ जून, सोमवार

बसलिंगप्पा सकाळी दारावरून जाताना दांडी बघून थांबला. हातात घेतली, वास घेतला. म्हणाला, "अण्णा, बार्शीला कशाला गेलाव? ह्यो माल माझ्याच वखारीतनं जातोय तितं."

खोटे बोलतो. असणारच. दांडीच्या बुडाला निळी खूण आहे, तशीच त्याच्या वखारीच्या फळ्यांवर असते, पण निळा रंग काय एकाच्या बापाचा आहे?

खूण कानशीने घासून काढली.

८ ऑगस्ट, मंगळवार. नागपंचमी

आज मुद्दाम रजा टाकली. दांडी कापून मोकळे व्हायचे. पाटावर दांडी ठेवली, करवत उचलली तोच आत्या ओरडली. आज नागपंचमी, आज चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. घरात उकडलेली दिंडे खातात आणि हा करवत चालवतो! "नागाच्या अंगावर घाव बसतोय," म्हणाली. "साकु विरुपाक्षा, साकु."

साकु म्हणजे पुरे. आत्याचे सासर अक्कलकोटचे, चिडली की कानडीत जाते आणि मग तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

एका अर्थी बरेच झाले. सर्वोत्तम हत्यार अजून ठरलेले नाही. करवतीने कापणे म्हणजे उतावीळपणा झाला असता. रजेचा उपयोग यादी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिण्यासाठी केला.

१ सप्टेंबर, शुक्रवार

मिलमधला फिटर नरसय्या हॅक्सॉचे ब्लेड न्यायला आला. सहज, कोणासाठी ते न सांगता, विचारले की बोटाएवढी लाकडी दांडी साफ कशी कापावी. त्याने डोके खाजवले नाही, विचार केला नाही. म्हणाला, "सोप्पं हाय की साब. ह्येच बारीक दाताचं ब्लेड घ्याचं. कापाच्या जागी ओलं सूत घट्ट गुंडाळाचं. दांडी फिरवत फिरवत चौबाजूनी थोडं थोडं कापाचं. चीर पडतच न्हाय. आमी मागाच्या धोट्याच्या काड्या तशाच कापतो." सही केली आणि गेला.

पाच मिनिटांत सांगितले! जो प्रश्न मी दहा महिने अभ्यासतो आहे त्याचे उत्तर पाच मिनिटांत निघणे शक्य नाही. शिवाय सूत. सोलापुरात सूत गल्लीत पायाखाली येते. इतक्या स्वस्त गोष्टीवर घराण्याचा मान सोपवायचा?

तरी एक हॅक्सॉ घेतला. टेस्ट: तोंड चांगले आले. संशयास्पद चांगले. तीन इंच.

१७ सप्टेंबर, रविवार

आज मिळाला! टेनन सॉ. पुण्याहून ऑफिसमधल्या एकाने आणून दिला. बारीक दात, ताठ पाते, पाठीला पितळी पट्टी. पट्टीत तोंड दिसते. तुकड्यावर एकदाच चालवला. लोण्यातून सुरी गेल्यासारखा गेला. कापलेले तोंड असे साफ, की मी ते हिला दाखवले, आत्याला दाखवले, गवळ्यालाही दाखवले.

तुकडा आता दोन इंच. काडेपेटीत मावतो. सोयच झाली, खिशातून नेता येईल. काडेपेटी देवळीत ठेवली आहे. आत्याला सांगून ठेवले की तिला हात लावायचा नाही.

आता हा सॉ पुन्हा वापरायचा नाही. धार बोथट होईल. थेट दांडीवरच.

१ ऑक्टोबर, रविवार

दांडी कापायला बसलो. लक्षात आले की धरायला घट्ट काही पाहिजे, हातात हलते. वाइस लागणार. आज दुकाने बंद.

शिवलिंगप्पा मास्तर दारावरून गेले. चौकशी केली. "झाला का बाण?" मी म्हणालो, झाल्यातच जमा. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांचा बाण घटस्थापनेआधीच तयार असायचा बघ." मी म्हणालो, त्यांच्याकडे टेनन सॉ नव्हता.

८ ऑक्टोबर, रविवार

वाइस आला, ओट्यावर बसवला. एकूण हत्यारे दहा: करवत, चाकू, पटाशी, रंधा, कानशी तीन, हॅक्सॉ, टेनन सॉ, वाइस. आत्या म्हणाली, "धा हत्यारं आणि येक काडी." तिला गंमत कळत नाही.

आज माप घेतले. छातीपासून बोटापर्यंत, हिच्या शिवणाच्या टेपने. श्वास घेऊन एकोणतीस इंच. श्वास सोडून सव्वाअठ्ठावीस. आता बाण मारताना श्वास आत असतो की बाहेर? वडील काय करायचे? आठवत नाही. चार वेळा धनुष्य ओढून बघितले. प्रत्येक वेळी वेगळे. पेन्सिलने चार खुणा केल्या. नंतर कोणती कशाची ते विसरलो.

घाईत कापलेली दांडी वाढत नाही. उद्या ठरवू.

९ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी

माप ठरले: एकोणतीस. मी श्वास आत घेऊनच मारणार. उद्या खंडेनवमी, मिलला सुट्टी. पूर्ण दिवस हातात. उद्या सकाळी आठ वाजता टेनन सॉ चालणार. साडेआठला काम संपलेले असेल, मग दिवसभर वाक्याची तालीम.

मिलमध्ये आज माझ्या स्टोअरची पूजा केली. रॅकला झेंडूच्या माळा घातल्या, कुलूप लावले, किल्ली मॅनेजरकडे दिली.

खंडेनवमीची घरची व्यवस्थाही हिला बजावून सांगितली. दरवर्षी आपल्याकडे एक विळी, एक चाकू, एक कोयता एवढेच पूजेला असते, लोक काय म्हणत असतील? या वर्षी सगळे मांड. दहाच्या दहा. कात्री, सुई, दाढीचे ब्लेड, घरात धार म्हणून जे असेल ते सगळे. नातेवाईक दर्शनाला येतील, बसलिंगप्पापण येईल, बघू दे. आणि पूजा थोरल्या पातीच्या रीतीने. म्हणजे सीमोल्लंघन करून घरी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. धाकट्या पातीत दसऱ्याच्या सकाळीच उत्तरपूजा करून हत्यारे उठवतात. व्यापारी लोक. आपण तसे करायचे नाही.

हिने विचारले, नक्की ना? मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुधा अभिमानाने.

१० ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी. सकाळी नऊ.

उठायला उशीर झाला.

ओट्यावर चौरंग. त्यावर नवे खणाचे कापड. त्यावर दहा हत्यारे ओळीने, प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूचे फूल. वाइससुद्धा ओट्यावरून काढून मांडला आहे. टेनन सॉच्या पितळी पट्टीवर हिने स्वस्तिक काढले आहे. दिसते फार छान.

मी हात पुढे केला. आत्याने हातावर चापट मारली.

त्याच दिवशी, दुपारी दोन.

गल्लीतल्या सुताराकडे गेलो. तो नवे धोतर नेसून सुपारी खात बसला होता. करवत चौरंगावर. न्हाव्याकडे गेलो, वस्तरा चौरंगावर. शिंप्याकडे कात्रीला हार. मिलच्या स्टोअरला मीच कुलूप लावून घेतले आहे. नरसय्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "साब, आज हत्यार? पाप लागतंय की!" आणि मला पेढा दिला.

अख्ख्या सोलापुरात आज एकही पाते कोणाच्या हातात नाही. शहाणे लोक आधीच कापून घेतात, म्हणे. हे मला कोणी आधी सांगितले नाही.

हिने सांगितले की मागच्या वर्षी हेच झाले होते. तेव्हाही मी नवमीला उठून हत्यार शोधत होतो, आणि शेवटी आत्याचा अडकित्ता. मी म्हणालो की त्या विषयावर मी बोलत नाही.

संध्याकाळी पाच.

बसलिंगप्पा दर्शनाला आला. दहा हत्यारे बघितली. त्याचे तोंड उघडेच राहिले. सुडाचा पहिला हप्ता. फार समाधान वाटले.

मग त्याने कोपऱ्यातली दांडी बघितली. चार फुटी, अखंड, चार पेन्सिलच्या खुणा. माझ्याकडे बघितले. हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, उद्या सकाळी सात वाजता आमची उत्तरपूजा हुती. करवत घिऊन येतो. कापायचं तुमीच, तुमच्या हातानं. कुणाला कळत न्हाय."

मी म्हणालो, गरज नाही. माझी योजना आहे.

योजना नाही. सुचेल.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा. सकाळी साडेसात.

बसलिंगप्पा आला होता. दार वाजवत होता. मी खिडकीच्या फटीतून बघितले. हातात बारीक दाताची करवत, पात्यावर ओले कुंकू. दुसऱ्या हातात सुताची गुंडी. सूत! नरसय्याने त्यालाही सांगितले असणार. सगळे एक झाले आहेत.

हिला सांगायला लावले की मी झोपलो आहे. तो म्हणाला, "मग उटवा की वैनी, येळ न्हाय ऱ्हायला." ही म्हणाली, उठत नाहीत. त्याने थोडा वेळ उभे राहून बघितले आणि गेला.

यादीतल्या पहिल्या नंबरच्या माणसाच्या हत्याराने मी घराण्याचा बाण कापू? मरण पत्करेन.

सकाळी अकरा.

घरात धार असलेली एकच वस्तू पूजेत नाही. आत्याचा अडकित्ता. आत्या म्हणते, सुपारी देवालाही लागते, त्याला बसवून ठेवता येत नाही.

अडकित्त्याबद्दल गैरसमज फार आहेत. नीट विचार केला तर सुपारीएवढे कठीण लाकूड जगात नाही. जो सुपारी कापतो तो साग सहज कापेल. मागच्या वर्षी जोर एकाच बाजूने दिला, ही चूक झाली. या वर्षी दोन्ही बाजूंनी.

साडेअकरा.

कापली. तोंड जरा चेपले आहे. लांबून दिसत नाही. खाचही त्यानेच पाडली. चीर आहे, पण केसाएवढी. वर कुंकू लावले, झाकली.

काडेपेटी खिशात ठेवायची होती. देवळीतच राहू दे. परत आल्यावर, जेवताना, ताटलीतच देऊ. तेच जास्त शोभेल.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काल लिहिले नाही.

गल्ली सगळी आली होती. केळीचा खांब, शमीचे झाड, आपट्याच्या पानांचे ढीग. हलगीवाला या वेळी आधीच बाजूला उभा होता. मी श्वास आत घेतला. एकोणतीस इंच. दोरी ओढली, सोडली.

उभी चिरली. खाचेपासून टोकापर्यंत. दोन्ही तुकडे माझ्याच पायाशी.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. मी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितले, यादीसाठी, पण कोणीच हसत नव्हते. ही जमिनीकडे बघत होती. हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली.

शिवलिंगप्पा मास्तरांनी बाणाचे टोक उचलून खांबात खोचले. मग माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला. धनुष्य द्यायला मला थोडा वेळ लागला. मुठीपाशी वडिलांच्या अंगठ्याने एक खळगा पडलेला आहे, माझा अंगठा बरोबर त्यात बसतो. मास्तरांनी ओढले नाही, वाट बघितली. मग मी दिले. वाईट वाटले. फार वाईट वाटले. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

मास्तरांनी ते बसलिंगप्पाच्या हातात ठेवले. त्याने घेतले ते जड ओझे घेतल्यासारखे. पुढच्या वर्षापासून धाकटी पाती.

रीतीप्रमाणे जेवण आमच्याकडेच होते, स्वयंपाक सकाळीच झालेला. बसलिंगप्पाने सोने दिले, पाया पडला. म्हणाला, "अण्णा, मला ह्येतलं काय बी येत न्हाय. वखार चालवतो, पर म्या कदी दांडी कापली न्हाय." मी पुरणपोळी वाढली, कटाची आमटी वाढली. तो माझ्या पाटाशेजारीच बसला.

जेवण झाले. त्याच्या दाढेत खोबऱ्याचा तुकडा अडकला. जीभ फिरवत होता, बोट घालत होता. आत्याने देवळीतून काडेपेटी काढली, उघडली आणि त्याच्यापुढे ताटलीत ठेवली. मी बघत होतो.

त्याने तो दोन इंची तुकडा उचलला. दाढेत घातला, खोबरे काढले. मग दिव्याजवळ नेऊन उलटासुलटा बघितला. तोंडावर बोट फिरवले. म्हणाला, "अण्णा, काय साफ कापलंय हो ह्ये! कशानं कापलं?"

वर्षात पहिल्यांदा कोणीतरी विचारले. मी सांगितले. टेनन सॉ, पाठीला पितळी पट्टी. मग करवत का बाद झाली ते सांगितले. पाईप कटर लाकूड का चेपतो ते सांगितले. रंधा कोणत्या बाजूने मारावा, कानस कधी जाड, कधी बारीक. सूत ओले असावे, दांडी फिरवत कापावी, हेसुद्धा मीच सांगितले. तो मांडी घालून ऐकत होता, मधे मधे "व्हय का" म्हणत होता. पाऊण तास गेला.

आज सकाळी हातगाडी आली. दहाही हत्यारे बसलिंगप्पाकडे गेली. मिलला सुट्टी असेल त्या रविवारी जाऊन शिकवीन, असे कबूल केले आहे. म्हणजे दर रविवारी, कारण मिलला रविवारी सुट्टीच असते. लिहिताना लक्षात आले. अडकित्ता तेवढा आत्याकडे राहिला.

पाठ केलेले वाक्य म्हणायचे राहून गेले.